फर्लोप्रकरण

‘फर्लो’ हा शब्द छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुऱ्याच्या रहिवाशाला अपरिचित नाही. तो त्याला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून भेटतो आणि बहुधा त्याच्या मागेपुढे कुठेतरी हर्सूल कारागृहाचा उल्लेख असतो. डच भाषेतील परवानगीवाचक शब्दापासून इंग्रजी लष्करात, लष्करातून कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत आणि पुढे १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांत असा प्रवास करून हा शब्द आपल्याकडे स्थिरावला असून, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला काही दिवस घरी जाऊन येण्यासाठी मिळणारी रजा एवढाच त्याचा अर्थ आज घेतला जातो. पॅरोल आणि फर्लो यांत भेद असा की, पॅरोलसाठी घरातील आजारपण, मृत्यू किंवा लग्न असे काही कारण दाखवावे लागते, फर्लोसाठी ते लागत नाही. शिवाय पॅरोलचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, फर्लोचे धरले जातात. म्हणजे फर्लोवर आलेला कैदी स्वतःच्या घरच्या ओट्यावर बसून चहा पीत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो त्या क्षणी शिक्षाच भोगत असतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली फर्लो कैद्यांची नसून ख्रिस्ती मिशनऱ्यांची आहे. मात्र तिच्यासाठी वेगळी व्याख्या करण्याचे श्रम घ्यावे लागणार नाहीत.

मिशनरी म्हणजे एखाद्या मिशनसंस्थेने दूरदेशी पाठवलेला धर्मोपदेशक, शिक्षक किंवा डॉक्टर. त्याला सात-आठ वर्षांच्या, पूर्वीच्या काळी त्याहूनही अधिक वर्षांच्या, चाकरीनंतर सुमारे वर्षभर मायदेशी जाण्याची मुभा मिळत असे आणि त्या वर्षाला फर्लो म्हणत. या वर्षाचा मोठा भाग आपल्याला पैसा पुरवणाऱ्या मंडळ्यांना भेटी देण्यात जाई. ‘मंडळी’ हा मराठी ख्रिस्ती समाजातील रूढ शब्द असून एका चर्चच्या सभासदांचा समुदाय असा त्याचा अर्थ आहे. घरच्या मंडळीशी त्याचा संबंध नाही, जरी खर्चाचा हिशेब मागण्याच्या बाबतीत दोन्ही मंडळ्यांचा स्वभाव सारखाच असल्याचे आढळते. या भेटींच्या दौऱ्याला ‘डेप्युटेशन’ म्हणत. शासकीय नोकरीतील मराठी वाचक या शब्दाचा अर्थ प्रतिनियुक्ती असा करील आणि प्रतिनियुक्तीवर गेलेल्याला भत्ता मिळतो हे त्याला पाठ असेल. मिशनऱ्याच्या डेप्युटेशनमध्ये भत्ता मिळत नाही, मिळवायचा असतो. अलीकडे काही संस्थांनी फर्लो हा शब्द टाकून ‘होम असाइनमेंट’, म्हणजे मायदेशातील कामगिरी, असा शब्द स्वीकारला आहे. त्यामुळे श्रम कमी झाले नाहीत, परंतु त्यांना रजा म्हणण्याचा असत्यदोष टळला, आणि धर्मसंस्थेला तोही फायदा थोडा नव्हे.

आरंभीच्या मिशनऱ्यांना रजेचा प्रश्नच पडला नाही, कारण ते परत गेलेच नाहीत. १७९३ मध्ये बंगालात आलेले विल्यम कॅरी, ज्यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते १८३४ मध्ये श्रीरामपूरला निधन होईपर्यंत एकदाही इंग्लंडला गेले नाहीत. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरून अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणाऱ्या गॉर्डन हॉल यांनी कुटुंबाला अमेरिकेस पाठवले, स्वतः मात्र मागे राहिले आणि १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना नाशिक जिल्ह्यातील दोडी येथे पटकीने वारले. दक्षिणेत एमी कारमायकल यांनी १८९५ ते १९५१ अशी पंचावन्न वर्षे रजेविना काढली. चरित्रकारांनी या सर्वांच्या त्यागाचे रास्त कौतुक केले आहे. परंतु ज्यांनी रजा घेतली त्यांच्या हालअपेष्टांकडे चरित्रकारांचे लक्ष गेले नाही. पटकी, वाघ आणि पावसाळा यांना तोंड देणे निराळे, आणि एका आठवड्यात सहा गावांच्या सहा मंडळ्यांपुढे तेच भाषण तितक्याच उत्कंठेने करून, शेवटी प्रत्येक ठिकाणी तोच केक खाणे निराळे.

या हालअपेष्टांचा आद्यपुरुष म्हणून ल्यूथर राइस यांचे नाव घेतले पाहिजे. हॉल यांच्यासोबत एकाच जहाजातून १८१२ मध्ये ते कलकत्त्यास आले. तेथे त्यांनी बाप्तिस्म्याविषयी मत बदलले, म्हणजे तान्ह्या बालकांचा बाप्तिस्मा अशास्त्रीय ठरवून ते बॅप्टिस्ट झाले, आणि पाठवणाऱ्या संस्थेचा पंथ वेगळा असल्यामुळे खर्चाची सोय आपोआप संपुष्टात आली. तेव्हा असे ठरले की राइस यांनी पुढच्या वर्षी अमेरिकेस जावे, तेथील बॅप्टिस्ट मंडळ्यांना जागे करावे, पैसा उभारावा आणि लगेच परत यावे. राइस गेले, मंडळ्या जाग्या केल्या, १८१४ मध्ये त्यांची राष्ट्रव्यापी संघटना उभी केली, घोड्यावरून गावोगाव फिरले, एक कॉलेजही काढले, कर्जात बुडाले, आणि १८३६ मध्ये अशाच एका दौऱ्यात दक्षिण कॅरोलायनात त्यांचे निधन झाले. पूर्वेकडे ते पुन्हा आले नाहीत. दुकानातून सुटे आणायला पाठवलेला मुलगा तेवीस वर्षांनीही परत येऊ नये, असा हा प्रकार आहे. फरक इतकाच की राइस यांनी सुटे खरोखरच पाठवले आणि त्यावर ब्रह्मदेशातील मिशन चालले.

ते मिशन चालवणाऱ्या अडोनिराम जडसन यांची कथा याच्या नेमकी उलट आहे. मायदेश सोडल्यावर तेहतीस वर्षांनी, १८४५ मध्ये, ते प्रथमच अमेरिकेस गेले. घशाच्या आणि छातीच्या विकाराने आवाज इतका क्षीण झालेला होता की, ते हळू आवाजात बोलत आणि शेजारी उभा असलेला दुसरा गृहस्थ तेच मोठ्याने सांगे. शिवाय ब्रह्मी भाषेत विचार करण्याची सवय जडल्यामुळे मातृभाषेतील भाषण त्यांना जड जाई. एवढे करून त्यांनी सांगितले काय, तर ख्रिस्ताच्या प्रेमाची साधी गोष्ट. श्रोते हिरमुसले. ज्या माणसाने राजाच्या तुरुंगात बेड्या भोगल्या, त्याने बेड्यांविषयी बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ख्रिस्ताच्या प्रेमाविषयी त्यांचा स्वतःचा पाळक दर रविवारी बोलतच होता आणि त्यासाठी कोणी ब्रह्मदेशातून यावे लागत नव्हते. पाळक म्हणजे मंडळीचा धर्मोपदेशक. शब्दाप्रमाणे पाहिले तर तो मंडळीला पाळतो, हिशेबवहीप्रमाणे पाहिले तर उलट.

श्रोत्यांची ही अपेक्षा का असते, हे समजण्यासाठी या व्यवस्थेच्या अर्थकारणाकडे वळावे लागते. राजाश्रय नसलेल्या मिशनचा खर्च सामान्य माणसांच्या लहानलहान दानांतून उभा राहतो. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडातील केटरिंग या गावी एका विधवेच्या घरी जमलेल्या बॅप्टिस्ट पाळकांनी मिशनसंस्था स्थापन केली, तेव्हा वर्गणीचे आकडे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत गोळा करण्यात आले आणि त्यांची बेरीज १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स इतकी झाली. आधुनिक मिशनयुगाचा उगम तपकिरीच्या डबीत व्हावा हे मराठी वाचकाला विचित्र वाटू नये. तपकीर ओढल्याशिवाय ज्यांना कोणतेही धर्मकार्य सुचत नसे अशा शास्त्री-पंडितांची आपल्याकडेही वाण नव्हती. फुलर यांनी या व्यवहाराला विहिरीत वा खाणीत उतरणाऱ्याची उपमा दिली, असे परंपरा सांगते: कॅरी खाली उतरणार, मागे राहिलेल्यांनी वरून दोर धरायचा. उपमा सुंदर आहे. पण तिच्यातील एक अडचण फुलर यांच्या लक्षात आली नसावी. वर दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला सात वर्षांनी साहजिकच असे वाटू लागते की, खाली खरोखर कोणी आहे की नुसता दोर आहे, हे एकदा पाहावे. आणि म्हणून फर्लो.

औरंगपुऱ्यातील नाथ मंदिरात कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला या व्यवस्थेचा अर्धा भाग वेगळा समजावून देण्याची गरज नाही. कीर्तनकार गावोगाव हिंडतो, पूर्वरंगात तत्त्वनिरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो, शेवटी आरतीचे ताट फिरते आणि बिदागी, म्हणजे कीर्तनकाराला निरोपादाखल दिले जाणारे मानधन, त्याच्या पदरात पडते. पूर्वरंग चालू असताना माना डोलावणारे श्रोते खरे वाट पाहत असतात ती आख्यानाची, हे कीर्तनकार जाणतो आणि श्रोत्यांना ठाऊक असते की तो जाणतो. फर्लोवरील मिशनऱ्याच्या भाषणाची घडण हुबेहूब हीच असे: आरंभी पवित्र शास्त्रातील वचन व त्यावरील विवेचन हा पूर्वरंग, नंतर साक्ष, म्हणजे स्वतःच्या अनुभवाचे निवेदन, हा उत्तररंग, आणि अखेरीस अर्पणाची थैली. दोघांत मोठा भेद हा की, कीर्तनकाराच्या आख्यानातील हरिश्चंद्र किंवा ध्रुव श्रोत्यांच्या ओळखीचा असतो, तर मिशनऱ्याच्या आख्यानातील गाव कोणी पाहिलेले नसते. त्यामुळे त्याला तपासणाऱ्याची भीती नसते आणि, मोहाचे खरे स्थान हेच असल्यामुळे, भूतदयेने म्हणा किंवा निधीच्या काळजीने म्हणा, आख्यानातील नाग दर मुक्कामाला वीतभर वाढत जाई.

नागाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. जामखेड किंवा वैजापूर तालुक्यात सात वर्षे राहणाऱ्या माणसाच्या दिवसाचा बहुतेक भाग शाळेची हजेरी, विहिरीचे पाणी, मास्तरांचे पगार, बैलगाडीची मोडलेली धाव आणि वरिष्ठांना पाठवायचे तक्ते यांत जातो. यातील एकही गोष्ट ऐकण्यासाठी मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी थंडीच्या रात्री घोडागाडी जुंपून येणार नाही. त्याला नाग हवा असतो, शक्य असल्यास वाघ, आणि शब्बाथशाळेतील, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणवर्गातील, मुलांना हत्ती. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन बालपुस्तकांत गंगेतील मगरींपुढे तान्ही मुले टाकणाऱ्या हिंदू मातांची चित्रे छापली जात, आणि या चित्रांवर पोसलेल्या श्रोत्यांपुढे मास्तरांच्या पगाराचा विषय काढणे धैर्याचे काम होते. ज्या मिशनऱ्यांनी ते केले त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हे नमूद करणे भाग आहे की थैली नागाने भरे आणि खर्च मास्तरांच्या पगारावर होई. अशा रीतीने मराठवाड्यातील व नगर जिल्ह्यातील सर्पजातीने, स्वतःला कल्पना नसताना, ग्रामीण शिक्षणाला जो हातभार लावला त्याची शिक्षणाच्या इतिहासकारांनी नोंद घेतलेली नाही.

भाषणाला जोड म्हणून मॅजिक लँटर्न येई. काचेच्या पट्टीवर रंगवलेले किंवा छायाचित्रित केलेले दृश्य दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवणारे हे यंत्र होते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी याच तंत्रावर १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने खेळ केले, हे सिनेमाच्या अभ्यासकांना माहीत आहे. पटवर्धन रामायणातील प्रसंग दाखवीत, मिशनरी घाट, देवळे व दुष्काळ दाखवी, आणि दोघांचीही काच कधी ना कधी उलटी बसे. पोशाखाचा भागही महत्त्वाचा होता. मुलींना साडी नेसवून उभे करण्याची प्रथा अनेक मंडळ्यांत होती, परंतु नऊवार साडी नेसवणे हे कौशल्याचे काम असून ते टाचण्यांच्या भरवशावर पार पाडलेले असे, त्यामुळे पूर्वेकडील स्त्रियांच्या दुःस्थितीचे दर्शन घडवण्यापूर्वीच ती दुःस्थिती व्यासपीठावर सुटू लागे.

भाषणाबाहेरच्या वेळात मिशनऱ्याची जी अवस्था होते तिला मराठीत एकच नेमका शब्द आहे, तो म्हणजे माहेरपण. माहेरवाशीण विश्रांतीसाठी येते, असे सर्वजण म्हणतात. प्रत्यक्षात तिला रोज एका घरी जेवावे लागते, प्रत्येक घरी ‘किती वाळलीस’ हे ऐकावे लागते, सासरचे कौतुक इतपतच करावे लागते की आईला बरे वाटेल, आणि तक्रार इतपतच करावी लागते की वडील तिकडे पत्र लिहिणार नाहीत. फर्लोवरील मिशनऱ्याचेही तसेच असते. काम चांगले चालले आहे असे फार ठासून सांगितले तर मंडळी म्हणते, मग आता आमच्या पैशांची काय गरज. फार वाईट चालले आहे म्हणावे तर मंडळी म्हणते, मग इतकी वर्षे पैसे गेले कोठे. या दोन वाक्यांच्या मधून जाणारी जी अरुंद पाऊलवाट आहे तिच्यावरून वर्षभर चालणे म्हणजे डेप्युटेशन. मुलांचा प्रश्न आणखी बिकट. मुंबईत किंवा नगरला जन्मलेली, आयांकडून मराठी शिकलेली, तिखट-मीठ लावलेल्या कैरीवर वाढलेली ही मुले ‘मायदेशी’ आणली जात, तेव्हा तो देश त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलेला असे. आणि कोणी मायेने विचारले की घरी आल्यावर कसे वाटते, तर ती निरागसपणे विचारीत की आपण घरी परत केव्हा जाणार.

यजमानांच्या औदार्याचेही एक शास्त्र आहे. मिशनऱ्याकडे पाठवायच्या वस्तू पिंपात भरल्या जात आणि त्यांत जुने कपडे मुख्य असत. सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी लोकरीचे कोट हा त्या पिंपांचा स्थायिभाव. वापरून, वाळवून, पुन्हा वापरण्याजोग्या ठरवलेल्या चहाच्या पुड्या मिशनऱ्यांना पाठवल्या गेल्याची दंतकथा जगभरच्या मिशनवर्तुळात सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, चहा पिकवणाऱ्या देशात चहाचा चोथा पाठवण्याची कल्पना ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. तथापि सर्वच दान चोथ्याचे नव्हते. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये जे इस्पितळ उभे केले, त्यासाठी फिलाडेल्फियाच्या बाल्डविन रेल्वे-इंजिन कारखान्याचे जॉन कॉन्व्हर्स यांनी मोठी देणगी दिली. मिरज हे पुढे रेल्वेचे जंक्शन म्हणून ओळखले गेले, त्यामुळे इंजिनवाल्याचा पैसा योग्य फलाटावर उतरला असे म्हणता येते.

फर्लोवर काय बोलू नये याचा वस्तुपाठ नगरच्या रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांनी घालून दिला. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले हे मिशनरीपुत्र मिशनरी १८८६ मध्ये फर्लोवर असताना अँडोव्हर येथील आपल्या जुन्या धर्मविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनसमारंभात बोलावयास उभे राहिले. ख्रिस्ताचे नावही न ऐकता जे मरण पावले, त्यांना मरणोत्तर एखादी संधी मिळू शकेल काय, हा वाद त्या वेळी तेथे पेटलेला होता आणि अशी आशा बाळगण्याच्या बाजूने ह्यूम यांनी सहानुभूती दाखवली. नगर जिल्ह्यात काही वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. जेथे भाद्रपदात घरोघर पितरांसाठी पान वाढले जाते, तेथे नव्या धर्माची वार्ता ऐकणारा माणूस स्वतःच्या तारणाआधी आजोबांचे काय झाले हे विचारणारच. तारण म्हणजे पापापासून मुक्ती. मराठी बँकांत मात्र कर्जासाठी गहाण ठेवलेल्या वस्तूला तारण म्हणतात, आणि मिशन बोर्डाला हाच अर्थ अधिक जवळचा वाटला असावा, कारण ह्यूम यांची मते पाहून त्यांनी ह्यूम यांनाच अडकवून ठेवले. त्यांच्या परतीची परवानगी रोखण्यात आली, वृत्तपत्रांत आणि सभांत वाद झडले आणि अखेर १८८७ मध्ये त्यांना भारतात परतता आले. जेवणानंतरच्या भाषणाची इतकी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल. पुढे १९०० च्या दुष्काळातील कामासाठी याच ह्यूम यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. मराठी आजोबांची बाजू घेणारा माणूस मराठी नातवंडांना उपाशी ठेवणार नाही, हे सरकारला बोर्डाआधी कळले असे दिसते.

येथवरच्या विवेचनात देणारे तिकडचे आणि हिंडणारेही तिकडचेच होते. मराठवाड्याने या प्रकरणात जी भर घातली ती वेगळी आहे. औरंगपुऱ्यापासून साठेक किलोमीटरवरील जालना येथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे प्रमुख होते नारायण शेषाद्री, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. त्यांच्यासोबत मिशनच्या आश्रयाला गेलेला धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतल्यामुळे मोठे वादळ उठले, ही हकिगत मराठी वाचकाला बाळशास्त्रींच्या चरित्रातून माहीत असते. नारायणरावांचे पुढे काय झाले हे मात्र त्या चरित्रात शोधून उपयोग नाही. ते जालन्यास गेले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसवले; बेथेल हा इब्री शब्द असून त्याचा अर्थ देवाचे घर. याच सुमारास औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम रतनजी नवरोजी हे मूळचे पारशी गृहस्थ पाहत होते. म्हणजे मायदेशी जाऊन यायचेच म्हटले असते तर मराठवाड्यातील या दोन्ही मिशनऱ्यांना मुंबईचे तिकीट पुरले असते.

नारायणराव मुंबईवर थांबले नाहीत. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांची इव्हँजेलिकल अलायन्स परिषद भरली, तिच्या व्यासपीठावर ते पांढऱ्या फेट्यात उभे राहिले, आणि काळ्या कोटांच्या त्या दाट रांगेत वृत्तपत्रांचे लक्ष कोणाकडे गेले असेल हे सांगावयास नको. गोऱ्या मिशनऱ्याला जो देखावा टाचण्यांनी उभा करावा लागे, तो जालन्याचा हा गृहस्थ सकाळी आरशासमोर दोन मिनिटांत उरकत होता. शिवाय त्यांच्या इंग्रजीत दोष काढायला जागा नव्हती, ही श्रोत्यांची दुहेरी फसगत. हत्ती पाहायला जावे आणि हत्तीने आपल्याशी व्याकरणशुद्ध भाषेत पवित्र शास्त्रावर चर्चा करावी, तसे काहीसे झाले. दाखवण्याच्या वस्तूने स्वतःच दाखवणाऱ्याची जागा घेतल्यावर या खेळाचे नियम बदलले.

ते पुरते उलटवले पंडिता रमाबाईंनी. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी म्हणून त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढची अडीच-पावणेतीन वर्षे अमेरिकाभर हिंडून, भाषणे देऊन, विधवांच्या शाळेसाठी निधी जमवीत राहिल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ नावाची वर्गणीदारांची मंडळे निघाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. येथपर्यंत हा यशस्वी डेप्युटेशनचा नमुना झाला. परंतु बाईंनी त्याच वर्षी अमेरिकेतील लोकस्थितीवर मराठीत एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले, ज्यात तेथील घरे, शाळा, राज्यकारभार, स्त्रियांच्या संस्था, काळ्या लोकांना मिळणारी वागणूक, सारे बारकाईने टिपलेले आहे. म्हणजे बोस्टनच्या बायका एका हिंदू विधवेकडे डोळे भरून पाहत होत्या, त्या संपूर्ण काळात ती विधवा त्यांच्याकडे पाहत होती आणि रात्री लिहीत होती. फर्लोच्या इतिहासात प्रेक्षकांचे इतके चोख निरीक्षण दुसऱ्या कोणी केल्याचे आढळत नाही. गोऱ्या मिशनऱ्यांनी आपल्याच मंडळ्यांविषयी असे पुस्तक लिहिले असते तर ते वाचनीय झाले असते, पण पुढच्या वर्षीचा निधी आला नसता.

या सगळ्या हिंडण्यातून इकडे पोचले काय, हा प्रश्न औरंगपुऱ्याच्या व्यवहारी माणसाच्या मनात एव्हाना आला असणार, आणि त्याचे उत्तर शोधायला त्याला फार चालावे लागणार नाही. औरंगपुऱ्याच्या चौकात महात्मा फुले यांचा पुतळा आहे. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८३९ पासून अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव प्रभावित झाले, १८४८ मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही फरारबाईंचे नाव जोडले जाते. फरारबाईंचा पगार न्यू इंग्लंडमधील मंडळ्यांच्या थैल्यांतून येत असे. जोतीरावांचा सत्यधर्म मिशनऱ्यांच्या पंथात मावला नाही, ही गोष्ट निराळी आणि तितकीच खरी. पण ज्या कोणा शेतकरणीने एका थंड रविवारी नागाची गोष्ट ऐकून अंड्यांच्या पैशांतले दोन सेंट थैलीत टाकले असतील, तिला त्या पैशांचे पुढे काय झाले हे कधीच कळले नाही. भाजी मंडईतून पिशव्या घेऊन त्या पुतळ्यावरून रोज जाणाऱ्या गृहिणीलाही ते पैसे कोठून आले हे माहीत नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी अपुरा आहे, आणि मिशनसंस्थांचे हिशेबनीस अशा नोंदी ठेवीत नसत.

आजची फर्लो वरवर पाहता सोपी झाली आहे. जहाजाऐवजी विमान आले, काचेच्या पट्ट्यांची जागा आधी स्लाइडने आणि मग पॉवरपॉइंटने घेतली, फक्त चित्र उलटे दिसण्याऐवजी आता मुळीच दिसत नाही आणि मंडळीतील एखादा तरुण केबल घेऊन धावत येतो. कुटुंबाचे छायाचित्र छापलेली प्रार्थनापत्रिका घरोघर वाटली जाते आणि ती फ्रिजवर चुंबकाने चिकटवतात. छायाचित्रातील मुले तेथे कायम पाच आणि तीन वर्षांचीच राहतात, त्यामुळे पुढच्या खेपेला मिशा फुटलेला मुलगा दारात उभा राहिला की यजमानीण त्याच्या मागे लहान मुलाला शोधते. दोर धरणाऱ्यांचा भूगोलही बदलला आहे. मिझोराममधील ख्रिस्ती घरांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, आणि त्या तांदळाच्या विक्रीतून तेथील मंडळ्या आपले मिशनरी भारताच्या इतर राज्यांत पाठवतात; तेव्हा रजेवर गावी जाऊन, मूठभर तांदूळ देणाऱ्या मावश्यांपुढे मैदानी मुलखातील उन्हाळ्याचे वर्णन करण्याचे काम आता मिझो मिशनऱ्याकडे आले आहे. मराठी मंडळ्याही या शास्त्रात मागे नाहीत. सुगीच्या सणाला शेतकरी सभासद धान्य, भोपळे, कोंबड्या आणून वाहतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो; चाळीस रुपयांचा नारळ चारशेला घेऊन तोच पुन्हा लिलावासाठी परत देणारा गृहस्थ ज्याने पाहिला, त्याला तपकिरीच्या डबीचे नवल वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र सर्व काळांत सारखी राहिली. वर्षभराची रजा भोगून, वजन वाढवून आणि आवाज घालवून मिशनरी परत येई, बोटीतून मुंबईस उतरे, आगगाडीने नगर किंवा जालना गाठे, आणि आता निदान भाषणे संपली अशा समाधानात मिशन कंपाउंडच्या फाटकातून आत शिरे. तेथे आंब्याच्या झाडाखाली सतरंज्या अंथरलेल्या असत, हार तयार असे, पाळक प्रास्ताविकाला उभे असत, कारण साहेब आणि मडमसाहेब एवढी दुनिया पाहून आले होते आणि इथल्या मंडळीलाही तिकडची हकिगत ऐकायची होती. पेटीतून कंदील पुन्हा बाहेर निघे. पडद्यावर नायगाराचा धबधबा येई, बर्फाने झाकलेले चर्च येई, सहा मजली इमारत येई. तिकडे निधीसाठी नऊवार साडी समजावून सांगितलेला तोच माणूस इथे बर्फ म्हणजे काय हे मराठीत समजावून सांगू लागे, आणि त्याचे बोलणे जरा रेंगाळले की सर्वांत मागच्या सतरंजीवरून कोणी म्हातारा विचारी, ‘‘साहेब, तिकडं साप निघतात का?’’